बसलेला माणूस मोजायचा नाही

मी माणसं मोजते. चेष्टा नाही, पगार त्याचाच मिळतो. चौकाच्या कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकायची, दोन्ही हातांत एकेक टकटक धरायची आणि समोरच्या फुटपाथवर मनातल्या मनात एक रेघ ओढायची. कुणी डावीकडून रेघ ओलांडली की डाव्या हाताची टकटक दाबायची, उजवीकडून ओलांडली की उजव्या. टकटक म्हणजे मुठीत मावणारं, आकडे पुढे सरकवणारं यंत्र. कंपनीच्या कागदावर त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण आम्ही मोजणारे टकटकच म्हणतो. माझं तोंड कसं चालतं ते बघून ऑफिसात मलाही हेच नाव पडलं. दर पंधरा मिनिटांनी आकडे पत्रकात लिहायचे, खाली सही करायची, यंत्र शून्यावर आणायचं आणि पुन्हा सुरू.

नियम पुष्कळ. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, जागा सोडायची नाही. कडेवरचं मूल धरायचं नाही, पायाने चालणारं धरायचं. आणि बसलेला माणूस मोजायचा नाही. जो रेघ ओलांडत नाही तो पादचारी कसला? झाड, खांब, टपरी आणि टपरीत बसलेला माणूस हे सगळं पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात जातं. त्या रकान्याचं नाव 'अडथळे'.

अकरा वर्षं हे केलं. माझं वय चौतीस, राहते एका खोलीत, एकटी. आई गेली, बाबा तिच्या आधीच गेले, दादा दुसऱ्या गावी. दिवसाला पाच-सात हजार माणसं माझ्या डोळ्यांसमोरून जातात आणि संध्याकाळी दार लावलं की एकाशीही बोलले नाही हे लक्षात येतं. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली याचं जास्त वाईट वाटायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेपाशी मोजणी लागली. मुलं फाटकातून निघून सरळ रस्त्यात उतरायची, कारण पट्टे मारले होते ते दोनशे पावलं पुढे. मी आकड्यांसोबत एक चिठ्ठी जोडली, की पट्टे फाटकासमोर हवेत. पालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी चिठ्ठी टाचणीतून काढून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, तुम्ही मोजा, ठरवायचं आमच्याकडे आहे. उद्धट बोलले असते तर मी तिथेच दोन दिल्या असत्या. पण ते अगदी गोड बोलले, त्यामुळे मला जास्त झोंबलं.

त्या दिवशी ठरवलं, की ठरवणाऱ्यांत जाऊन बसायचं. नगररचनेची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. भूगोलाची पदवी माझ्याकडे होती, धूळ खात का होईना. दीड वर्ष अभ्यास केला, प्रवेशपरीक्षा दिली, आणि नंबर लागला. विद्यापीठाचं पत्र आलं. अभिनंदन, जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतो, तोवर फी कोण भरणार त्याची हमी आणून द्या. पत्र चार वेळा वाचलं. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून पाचव्यांदाही मीच वाचलं.

तर आता पैसा. सगळ्यात आधी दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अगं, चाळिशी दाराशी आली आणि तू आता पाटी-दप्तर घेणार? घराचे हप्ते आहेत, वहिनीचं दुसरं बाळंतपण आहे, पण बघतो. आमच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही. बाबा सायकलसाठी 'बघतो' म्हणाले होते, ती सायकल मी अजून बघतेय. दादा वाईट नाही हो. त्याचं स्वतःचंच नाकातोंडात पाणी जातंय, तो मला काय तारणार?

बँकेत गेले. मॅनेजरबाईंनी पाणी दिलं, प्रवेशपत्र वाचून कौतुक केलं आणि म्हणाल्या की कर्ज मिळून जाईल, फक्त एक जामीनदार आणा. दादाचं नाव सांगितलं तर त्यांनी संगणकात बघितलं आणि नकारार्थी मान हलवली, कारण त्याच्या नावावर आधीच घराचं कर्ज होतं. दुसरं कुणी? मी म्हटलं, विचार करते. त्या थांबल्या, मी विचार केला, आणि मग पाणी पिऊन उठले.

कंपनीच्या मालकांकडे गेले. ते म्हणाले, देतो की, पण परत येऊन पाच वर्षं इथेच काम करायचं, आणि ऑफिसातल्या दोघांनी तुझ्यासाठी सह्या करायच्या. परत येऊन पुन्हा खुर्ची टाकून बसायचं असेल तर मधे शिकायचं कशाला, हे मी मनात म्हटलं. बहुतेक तोंडानेही म्हटलं असावं, कारण मालकांचा चेहरा पडला. सह्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

शेवटी एका न्यासाची जाहिरात सापडली. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती, त्यात फी, राहणं, पुस्तकं सगळं आलं. मला वाटलं, देव पावला. आठ पानी अर्ज, सात पानं झरझर भरली. आठव्या पानावर घोडं अडलं. अर्जदाराला किमान पाच वर्षं प्रत्यक्ष ओळखणाऱ्या, नात्यातल्या किंवा कामाच्या ठिकाणच्या नसलेल्या एका व्यक्तीचं, तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं पत्र जोडावं. पैसे मागायला गेलं की सगळे आधी माणसं मागतात, हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

माणसं आठवायला बसले. कागद घेतला, वर 'ओळखीचे' लिहिलं, खाली रेघ मारली. घरमालक परगावी असतात, त्यांना भाडं कळतं, मी कळत नाही. शेजारी दर सहा महिन्यांनी बदलतात. कॉलेजातली मैत्रीण आहे, पण तिची-माझी शेवटची भेट तिच्या लग्नात, त्यानंतर वाढदिवसाला फुलाचं चित्र पाठवायचं एवढीच मैत्री. तरी लाज गुंडाळून तिला फोन केला. ती खूप छान बोलली, आणि शेवटी म्हणाली की पाच वर्षं प्रत्यक्ष ओळखते असं खोटं कसं लिहू गं. खरंच होतं तिचं. भूगोलाच्या जुन्या सरांना पत्र पाठवलं, त्यांचं लगेच उत्तर आलं. तुझी आठवण आहे, तू वक्तृत्वात पहिली आली होतीस. मी आयुष्यात कधी व्यासपीठावर चढले नाही. सर भलत्याच कुणालातरी आठवत होते, आणि तिचं कौतुक वाचताना मला रडू फुटलं.

अर्जाच्या मुदतीला तीन दिवस उरले, त्या दुपारी मी कचरा टाकायला म्हणून बाहेर आले आणि माझ्यामागे दार लागलं. लॅचचं दार ते, एकदा ओढलं गेलं की संपलं. किल्ली आत, पाकीट आत, मी बाहेर, हातात कचऱ्याची पिशवी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी. स्वतःला भरपूर शिव्या घातल्या आणि मग आठवलं, की दुसरी किल्ली आहे. किल्लीवाल्या काकांकडे आहे.

ते काका म्हणजे मोठ्या चौकातले. त्या चौकात कंपनीची कायमची मोजणी होती, दर महिन्याचे पहिले तीन दिवस, आणि सहा वर्षं तिथे मीच बसत होते. माझ्या खुर्चीसमोर, फुटपाथच्या कडेला, काकांची टपरी. कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, एक छोटी शेगडी, कानस, आणि मागे खिळ्यांची एक फळी. बोलायची मनाई असल्याने आमचं बोलणं जेमतेम व्हायचं. एकदा अशीच बाहेर अडकले असताना त्यांनी कुलूप उघडून दिलं होतं आणि विचारलं होतं, जादाची किल्ली कुणाकडे नाही का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग माझ्याकडे राहू द्या. तेव्हापासून मी तीन खोल्या बदलल्या, प्रत्येक वेळी नव्या खोलीची दुसरी किल्ली काकांकडे नेऊन दिली. या शहरात माझी किल्ली असणारा माणूस हा एकच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चालत निघाले तेव्हा वाटेतच माझ्या डोक्यात उजेड पडला, की पत्र लिहायचं तर ते यांनीच.

चौकात पोचले. टपरी नव्हती. तिथे सिमेंटच्या तीन कुंड्या होत्या आणि फुटपाथ असा स्वच्छ होता की चार माणसं हात धरून जावीत. त्या चौकातली मोजणी आठ महिन्यांपूर्वी बंद झाली होती, त्यानंतर मी इकडे फिरकले नव्हते. फिरकायला हवं होतं. कामाशिवाय कुणाकडे जायची सवयच राहिली नव्हती, आणि हे काही कारण नव्हे, हे मलाही कळतं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हलवलं की सगळ्यांना, सहा महिने झाले. सर्वे झाला होता ना, चालणाऱ्यांना अडथळा किती होतो त्याचा. पार्किंगच्या इमारतीमागे गाळे दिलेत. त्याने सरळपणाने सांगितलं, मला ओळखलंही नाही. पण मी तिथेच उभी राहिले. अडथळे, चार. महिन्याचे तीन दिवस, दर पंधरा मिनिटांनी, सहा वर्षं, मी माझ्या हाताने त्या शेवटच्या रकान्यात चार लिहीत आले होते. एक झाड, दोन खांब आणि काका. झाड आणि खांब अजून जागच्या जागी होते.

पार्किंगच्या मागची गल्ली मला माहीत नव्हती, आणि अकरा वर्षं या शहराचे रस्ते मोजून जी गल्ली मला माहीत नाही तिथे दुसरं कोण जाणार? एका बाजूला इमारतीची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला बारा गाळे. त्यातले नऊ बंद. काका सातव्यात होते. शेगडी, माळा, फळी, सगळं तसंच मांडलं होतं. समोरून मात्र कुणी जात नव्हतं. त्यांनी वर बघितलं, हातातली पिशवी बघितली, माझ्या पायातल्या घरातल्या चपला बघितल्या, आणि काही न विचारता फळीवरून एक किल्ली काढून पुढे ठेवली. किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. त्यावर लिहिलं होतं, मोजणाऱ्या बाई.

मला तिथून किल्ली घेऊन पळून जावंसं वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत नाही, पण या माणसापुढे काय तोंडाने मागायचं? काकांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. आधी पत्राचं बोलावं की आधी ते दुसरं, हे ठरेना, आणि मग ते दुसरंच तोंडातून निघालं.

"काका, तुमची जागा माझ्या पत्रकामुळे गेली."

ते एका किल्लीवर कानस चालवत होते. थांबले नाहीत.

"माहीत आहे. नोटिशीला तो कागद जोडला होता. खाली तुमची सही. सहा वर्षं समोर बसून करताना बघितलीय, ओळखणार नाही का?"

"मग तुम्ही माझी किल्ली ठेवलीत कशी?"

"किल्लीचा काय दोष?" काका म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते रागावले नव्हते असंही नाही. सहा महिन्यांत गिऱ्हाईक कसं आटलं, मुलीकडून पैसे घ्यायची वेळ कशी आली, परत चौकात जागा मिळावी म्हणून अर्ज केला तर पालिकेतले साहेब म्हणतात या गल्लीत वर्दळ नाही याचा पुरावा काय, हे त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, कानस चालवत. मी ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

मग त्यांनीच विचारलं, की चेहरा का उतरलाय, नुसत्या दाराने एवढा उतरत नाही. मी सगळं सांगितलं. शाळेचे पट्टे, परीक्षा, दादा, बँक, आठवं पान. एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. किती दिवसांनी कुणाशी एवढं बोलत होते, देव जाणे. काकांनी हात पुसले आणि फळीमागून एक कोरा कागद काढला. म्हणाले, लिहितो, पण जे मला माहीत आहे तेच लिहीन. मला वाढवून लिहिता येत नाही.

त्यांना लिहायला अर्धा तास लागला. अक्षर मोठं, शाळकरी. पत्र असं होतं:

"या बाईंना मी सहा वर्षं ओळखतो. महिन्यातले तीन दिवस त्या माझ्या दुकानासमोर बसत. एकट्या राहतात. तीन खोल्या बदलल्या, तिन्ही वेळा दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवली. जागा सोडायची मनाई होती, पण माणसाला पाच-दहा मिनिटं जावं लागतं, तेव्हा मोजायचं यंत्र माझ्या हातात देऊन जात. मी एकही आकडा जास्त दाबला नाही. त्यांनीही कधी दाबला नाही, मी समोरून बघत होतो. त्यांच्या मोजणीमुळे माझं दुकान हललं. मोजणी खरी होती. त्यांना पुढे शिकवावं, असं माझं मत आहे."

वाचताना मी यंत्राच्या ओळीशी अडकले. यंत्र दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे आमच्या कामात सगळ्यात मोठा गुन्हा, त्यावरून माणसं घरी गेलीत. पण त्या चौकात बाईमाणसाने दहा तास बसायचं तर दुसरं करणार काय होते? नैसर्गिक विधीचा रकाना कंपनीच्या पत्रकात नाही. आणि गंमत बघा, ज्या मोजणीने काकांचं दुकान उठलं त्यातली रोजची दहा-वीस मिनिटं काकांनीच मोजली होती, एक माणूस इकडे तिकडे न करता.

ती ओळ काढायला सांगता आली असती. काकांनी मुकाट्याने काढली असती. मी पत्र हातात घेऊन बसले होते आणि डोक्यात चाललं होतं, की ही ओळ राहिली तर शिष्यवृत्ती जाईल, नोकरीही जाईल, आणि ही ओळ गेली तर पत्रात उरेल काय? सहा वर्षांत कुणी माझ्यासाठी जे केलं ते एवढंच होतं, आणि तेच पुसायचं? तेवढं माझ्याने होईना. पत्राची घडी घातली आणि जसं होतं तसं अर्जाला जोडून पाठवलं.

मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे तिघे होते, दोन पुरुष आणि मधे एक वयस्कर बाई, नगररचनेतून निवृत्त झालेल्या. माझे मार्क, माझं वय, माझं काम, सगळं विचारून झालं. मग एका गृहस्थांनी पत्र उचललं. म्हणाले, तुमचं यंत्र तुम्ही रस्त्यावरच्या माणसाकडे देत होतात? मी हो म्हटलं. हे नियमात बसतं का? मी म्हटलं, नाही. ते शेजारच्या दोघांकडे एक कटाक्ष टाकून मागे टेकले, आणि मी मनातल्या मनात उठून घरी गेलेसुद्धा.

तेव्हा मधल्या बाई बोलल्या. "हे गृहस्थ तुमच्या पत्रकात कुठल्या रकान्यात होते?"

"अडथळ्यांच्या," मी म्हटलं.

"आणि आज तीच मोजणी केलीत, तर कुठे लिहाल?"

मला हुशारीचं काहीतरी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. "त्यांच्यासाठी पत्रकात रकाना नाही, बाई. तो कसा आखायचा ते मला येत नाही. म्हणून तर शिकायचंय." एवढं बोलले आणि फार लाज वाटली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. तिघांनी धन्यवाद म्हटलं, आणि मी बाहेर आले.

महिना संपायला दोन दिवस असताना न्यासाचं पत्र मोबाइलवर आलं. मी एका पुलाखाली मोजत होते, दुपारची गर्दी होती. मोबाइल बघायला मनाई, पण खिशात तो थरथरला आणि मी बघितला. मंजूर. दोन्ही वर्षांचं, सगळं. समोरून माणसं जात होती, आणि मी दाबत राहिले, डावी, उजवी, डावी, उजवी. पंधरा मिनिटं पूर्ण होईपर्यंत मला रडायचीसुद्धा सोय नव्हती. त्या पंधरा मिनिटांत चारशे बारा माणसं गेली. त्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो खूश झाला, खरंच झाला. म्हणाला, मी बघणारच होतो गं. मी म्हटलं, माहीत आहे रे. मग काकांकडे गेले. त्यांनी ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि फळीवरची किल्ली काढून दिली, कारण खोली सोडायची तर घरमालकाला दोन्ही किल्ल्या लागणार. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी सोडवून परत खिळ्याला अडकवला. मी विचारलं, तो कशाला ठेवताय? ते म्हणाले, असू दे, खिळा रिकामा बरा दिसत नाही.

निघताना मी म्हटलं, रविवारी येते.

रविवारी सकाळी आठला मी माझी घडीची खुर्ची, दोन टकटक आणि कोरी पत्रकं घेऊन त्या मागच्या गल्लीत गेले. साहेबांना वर्दळ नसल्याचा पुरावा हवा होता ना, तो द्यायला. कंपनीचा हुकूम नाही, पगार नाही. काकांच्या गाळ्याशेजारी खुर्ची टाकली, भिंतीपासून भिंतीपर्यंत मनात रेघ ओढली आणि बसले. पहिल्या तासात दोन माणसं आली, दोघंही गाडी कुठे लावली ते विसरलेली. दुपारी एक बाई लघवीला जागा शोधत आली आणि परत गेली, ती दोन्ही हातांनी एकेकदा मोजली. मी दोनदा उठून गेले तेव्हा काकांनी न सांगता हात पुढे केला आणि मी यंत्रं त्यांच्या हातात दिली. चहा दोनदा झाला. बोलायला मनाई नव्हती, तरी फार बोललो असं नाही. सवयीचा माणूस शेजारी असला की गप्प बसणंही वेगळं असतं, हे मला इतक्या उशिरा कळलं याचा राग आला.

संध्याकाळी सहाला बेरीज केली. दहा तासांत एकतीस. काकांनी आकडा बघितला. मी शपथेवर सांगते, मला तो तीनने कमी लिहावासा वाटला, पुरावा आणखी पक्का झाला असता. काकांची नजर कागदावर होती. एकतीसच लिहिले.

मग शेवटचा रकाना राहिला. वरचं 'अडथळे' मी पट्टी लावून खोडलं आणि नीट अक्षरात लिहिलं, बसलेले. त्याखाली लिहिलं, एक. सही केली आणि कागद काकांना दिला.

काकांनी चष्मा वर सरकवला, पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि परत माझ्यापुढे धरलं.

"मोजणी चुकलीय, बाई," ते म्हणाले. "दोन लिहा. तुम्ही दिवसभर कुठे होतात?"

अकरा वर्षांत माझी मोजणी कुणी चुकीची म्हटली नव्हती. मी एक खोडला, दोन लिहिलं, आणि खोडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली.